दोरा, गाठ आणि मणी : पुण्यात घेतलेल्या आणि गाठवून घेतलेल्या माळांचा अनुभव

गेल्या मार्गशीर्षात भाचीच्या लग्नात, शेवटच्या ‘सावधान’ला अक्षता टाकण्यासाठी हात उचलला आणि गळ्यातला मोत्यांचा सर तुटला. सासूबाईंनी मला लग्नात घातलेला हा एकपदरी सर. मोती 71, प्रत्येक साधारण सहा मिलिमीटरचा. कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर ते असे पांगले की दोन्हीकडच्या पाहुण्यांनी वाकून वाकून शोधूनही 68च हाती लागले. घरी आल्यावर तुटलेला दोरा उजेडात धरून पाहिला, तेव्हा कारण समजले. दोन वर्षांपूर्वी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका मोठ्या पेढीत मी तो नव्याने गाठवायला दिला होता, आणि तिथे तो बारीक नायलॉनमध्ये, मण्यामण्यांत एकही गाठ न मारता, नुसता ओवून परत आला होता. त्या वेळी सर मखमली पेटीत घालून दिला गेला आणि मीही पेटी पाहून समाधान मानले. आपण दागिना घेताना मणी पाहतो, घडण पाहतो, भाव विचारतो, पण ती माळ कशावर ओवली आहे, हे विचारत नाही. त्यानंतरच्या वर्षभरात मी घरातल्यांसाठी मण्यांच्या चार-पाच निरनिराळ्या माळा घेतल्या, काही दुरुस्त करून घेतल्या आणि सगळ्या वापरून पाहिल्या. हा अभिप्राय त्या माळांबद्दल आहे, आणि मुख्यतः ज्या कारागिराने तो सर पुन्हा उभा केला त्याच्या कामाबद्दल आहे.

सोन्या मारुती चौकाकडून रविवार पेठेत शिरल्यावर मोती चौकाच्या आसपास जुन्या वाड्यांच्या जिन्यांखाली, ओट्यांवर आणि अर्ध्या गाळ्यांत बसून दागिने गाठवून देणारे कारागीर आजही भेटतात. सराफ त्यांच्याकडे काम पाठवतात, पण गिऱ्हाईक थेट गेले तरी ते काम घेतात, ही गोष्ट पुण्यातल्या पुष्कळ घरांत माहीत नसते. मी ज्यांच्याकडे गेले त्यांच्या जागेला पाटी नाही, त्यामुळे नाव लिहिण्याचा प्रश्नच येत नाही. साठीच्या पुढचे गृहस्थ आहेत. पुढ्यात पांढऱ्या कापडाने मढवलेली लाकडी पाटी, उजव्या हाताला रेशमाच्या लडी, डाव्या हाताला मेणाचा गोळा आणि वरून लोंबणारा एक दिवा, एवढाच संसार. त्यांनी तुटका दोरा बोटांत फिरवला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि म्हणाले, “हा मोत्यांचा दोरा नाही, ताई. हा ताणतो, पण धरत नाही.”

मोती त्यांनी आधी मोजून माझ्याकडून आकडा लिहून घेतला आणि माझ्या समोरच कागदाच्या पुडीत बांधून त्यावर सही करायला लावली. दुसऱ्या दिवशी मी थांबून काम पाहू का, असे विचारले, तर त्यांनी शेजारचे स्टूल पुढे केले. पहिला अर्धा तास त्यांनी नुसते मोती लावले. पाटीवरच्या खाचेत मोठे मोती मध्ये आणि लहान दोन्ही टोकांकडे, असा चढउतार साधत, मध्येच एखादा मोती उचलून, उलटा फिरवून, भोकाशी उडालेला पापुद्रा मानेच्या बाजूला जाईल अशा बेताने पुन्हा ठेवत त्यांनी सगळी ओळ जुळवली. मग रेशमाचा दोरा मेणावरून ओढून हलका ताण दिला आणि ओवायला सुरुवात केली. एक मोती ओवायचा, दोऱ्याचा सैल फास करायचा, सुईचे टोक त्या फासातून घालून मोत्याच्या अगदी अंगाशी टेकवायचे आणि दोरा ओढत असताना सुई हळूच काढून घ्यायची. सुई निघते त्या क्षणी गाठ मोत्याला चिकटून बसते, ना पुढे सरकते, ना मागे. हे त्यांनी जवळजवळ सत्तर वेळा केले आणि एकाही गाठीत फट राहिली नाही. टोकाला, जिथे दोरा आकड्याच्या कडीतून जातो, तिथे त्यांनी केसाएवढ्या तारेचे इवलेसे वेटोळे दोऱ्यावर चढवले. रोजच्या घालण्या-काढण्यात सर्वांत जास्त घासला जाणारा भाग तोच असतो, आणि ते वेटोळे असले की धातूची कडी रेशमाला थेट लागत नाही.

या गाठींचे दोन उपयोग आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत. एक उघड आहे: माळ तुटली तर एखादाच मणी सुटतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. दुसरा उपयोग मोत्यांपुरता अधिक महत्त्वाचा आहे. मोती मऊ असतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो आणि त्याचा पृष्ठभाग दुसऱ्या मोत्यावर वर्षानुवर्षे घासला गेला की भोकाभोवतीचे तेज आधी जाते. गाठ मध्ये आली की मोत्याला मोती लागत नाही. घामातली आम्लता, अत्तर, केसांवर मारायचे फवारे यांनीही मोती मंद पडतो, म्हणून साडी, अत्तर, गजरा सगळे झाल्यावर शेवटी मोती घालावेत आणि उतरवल्यावर मऊ सुती कापडाने पुसून ठेवावेत. खुंटीला टांगू नयेत, कारण रेशीम वजनाने ताणते. मलमलीच्या तुकड्यात आडवे ठेवावेत.

एक गोष्ट मात्र मला आधी कोणी सांगितली नव्हती, आणि ती इथे मुद्दाम लिहिते. गाठींनी माळ लांबते. माझे तीन मोती हरवलेले असूनही सर पूर्वीपेक्षा साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब झाला, कारण प्रत्येक गाठीने मिलिमीटरहून थोडी कमी जागा घेतली आणि अशा सत्तरएक गाठी झाल्या. पूर्वी तो गळ्याच्या खळगीत बसायचा, आता दोन बोटे खाली येतो. गोल गळ्याच्या ब्लाऊजवर तो आता अधिक चांगला दिसतो, पण बंद गळ्याच्या ब्लाऊजवर पूर्वीचीच लांबी बरी होती. गाठवायला देण्यापूर्वी माळ घालून आरशात पाहावी, हवी ती लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून कागदावर लिहून द्यावी, आणि लांबी राखायची असेल तर किती मणी काढावे लागतील हे आधीच विचारावे. काढलेले मणी परत मागून घ्यावेत. मजुरी मला 450 रुपये पडली. त्या कामाला लागलेला वेळ मी स्वतः पाहिला असल्यामुळे ही रक्कम मला फार कमी वाटते.

मोती खरे की काचेचे, हे ओळखण्याची त्यांची रीतही तिथेच शिकले. दातांच्या कडेवर मोती हलकेच घासला तर खरा मोती, मग तो समुद्रातला असो की गोड्या पाण्यात वाढवलेला, बारीक वाळूसारखा खरखरतो, आणि काचेवर लेप दिलेला मोती गुळगुळीत लागतो. त्याहून सोपी खूण भोकाशी असते. लेपाचा मोती तिथेच सोलला जातो आणि आतली काच दिसू लागते. ‘बसरा’ हा शब्द तुळशीबागेत आता कोणत्याही पिवळसर मोत्याला लावला जातो, पण मूळ बसरा मोती म्हणजे इराणच्या आखातात सापडणारा, बसरा बंदराच्या व्यापारातून आलेला नैसर्गिक मोती. तो आज जुन्या घरांच्या पेट्यांतूनच निघतो, दोनशे रुपयांच्या माळेत तो असणे शक्य नाही.

आता रोजच्या वापराच्या माळांकडे येते. काळ्या मण्यांची पोत दोन तऱ्हांनी करतात. एका तऱ्हेत मणी दोऱ्यात ओवलेले असतात. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक मण्यातून, किंवा दोन-तीन मण्यांच्या गटातून, सोन्याची बारीक तार जाते, दोन्ही टोकांना तारेचीच कडी वळवलेली असते आणि एक कडी दुसरीत अडकवत साखळी पुढे जाते. इंग्रजी बाजारात जिला बीडेड चेन म्हणतात ती हीच घडण, आणि आपल्याकडे गुंफलेल्या पोतीच्या रूपाने ती घरोघरी वापरात आहे. काचेच्या मण्याच्या भोकाची कड कितीही लहान असली तरी धारदार असते आणि दोरा आतून कुरतडत राहते, त्यामुळे रोज अंगावर राहणाऱ्या, आंघोळीत भिजणाऱ्या पोतीसाठी तारेची घडण निःसंशय चांगली. एखादी कडी उघडली तरी पोत तेवढ्याच ठिकाणी सुटते आणि सोनार ती पाच मिनिटांत जुळवून देतो. तिचा दोष एकच, आणि तो छोटा नाही: कडीचे तोंड नीट मिटलेले नसेल तर मानेवरचे बारीक केस त्यात अडकून ओढले जातात. मी घेतलेल्या पोतीत सुरुवातीचे दोन आठवडे हा त्रास झाला. नंतर सोनाराने भिंग लावून प्रत्येक कडी दाबून दिली आणि मानेमागच्या चार कड्यांना डाख दिला, तेव्हापासून तक्रार नाही. नवी पोत घेताना ती दुकानातच एखाद्या रेशमी ओढणीवरून ओढून पाहावी. धागा अडकला तर केसही अडकणार.

याच पोतीच्या खरेदीत सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ते वजनाकडे. काळे मणी काचेचे असतात आणि काचेला सोन्याचा भाव द्यायचे काही कारण नाही. माझ्या पोतीचे एकूण वजन 9.4 ग्रॅम भरले आणि त्यात सोने 5.2 ग्रॅम. बिलावर दोन्ही आकडे स्वतंत्र लिहिलेले होते आणि भाव निव्वळ वजनावरच लावला होता. जिथे हे दोन आकडे वेगळे लिहून मिळत नाहीत तिथून उठावे. लाखेवर सोन्याचा पत्रा चढवलेल्या बोरमाळेला आणि ठुशीतल्या दोरा-गोंड्यालाही हाच नियम लागू आहे. हॉलमार्कमध्ये, म्हणजे शुद्धतेच्या अधिकृत छापात, बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, शुद्धतेचा आकडा (22 कॅरेटला 916) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, अशा तीन खुणा असतात. 1 एप्रिल 2023 पासून हा एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपवर घालून आपण दुकानात उभ्या उभ्या पडताळू शकतो. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला मात्र हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे अगदी नाजूक मणी-साखळी घेताना बिल हाच आधार उरतो.

सोन्याच्या मण्यांच्या पारंपरिक माळांबद्दल थोडे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. बोरमाळेचे मणी बोरासारखे, जोंधळी पोतीचे जोंधळ्याच्या दाण्यासारखे, जवमणी जवासारखे, पोहेहारातले चपटे पान पोह्यासारखे. आपल्या बायकांनी गळ्यात घातलेले सोने शेतातल्या आणि स्वयंपाकघरातल्या नावांनी ओळखले जाते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. ठुशी ही या सगळ्यांत ओवणकामाची खरी परीक्षा आहे. तिचे बारीक गोल मणी एकमेकांना इतके खेटून बसवावे लागतात की दोरा कुठूनही दिसता कामा नये, आणि तरीही ती गळ्याभोवती वळली पाहिजे. चांगली ठुशी टेबलावर ठेवली तर ती आपणहून अर्धगोल घेते, तर सैल ओवलेली सापासारखी पसरते. मागची सरकती दोरी आणि गोंडा यांची सोय मला कोणत्याही आधुनिक आकड्यापेक्षा अधिक आवडते, कारण तीच ठुशी नऊवारीवर गळ्यालगत आणि सहावारीवर थोडी खाली अशी दोन्हीकडे बसवता येते.

तुळशीबागेतून ‘एक ग्राम सोन्याची’, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली, दोन पदरी मोहनमाळ घेतली, 1,350 रुपयांना. दिसायला ती सुरेखच होती, आणि पहिले चार-सहा समारंभ कोणाला फरक कळला नाही. सातव्या महिन्यात मानेमागचे मणी तांबूस दिसू लागले. हा मुलाम्याचा स्वभावच आहे. खाली तांबे किंवा पितळ, वर सोन्याचा अगदी पातळ थर, आणि जिथे घाम साचतो आणि केस घासतात तिथे तो आधी जातो. समोरचे पदर अजून चांगले आहेत, त्यामुळे मी मागचे दोन्हीकडचे चार-चार मणी काढून तिथे रेशमी दोरी आणि गोंडा लावून घेतला. हे कामही रविवार पेठेतच झाले आणि माळेला आणखी दोन वर्षांचे आयुष्य मिळाले, असे मी धरून चालले आहे. सणासुदीला घालायला ही माळ घ्यावी, रोज घालण्यासाठी घेऊ नये. दुकानदार ‘गॅरंटी’ म्हणतात ती बहुधा एकदा पुन्हा मुलामा चढवून देण्यापुरती असते, म्हणून ती किती महिन्यांची आणि नेमकी कशाची, हे पावतीवर लिहून घ्यावे.

माझी मुलगी हिंजवडीला नोकरी करते. तिला ठुशी-मोहनमाळ ऑफिसात नको असते, पण मोकळा गळाही आवडत नाही. तिच्यासाठी चांदीची साखळी घेतली, जिच्यात दर दोन सेंटिमीटरवर एक बारीक मणी साखळीतच बसवलेला आहे. दुकानात तिला सॅटेलाइट चेन म्हणतात. कॉलरच्या शर्टात 45 सेंटिमीटरची, कुर्त्यावर 60 सेंटिमीटरची चांगली दिसते, हे आम्ही दोन्ही लांबीच्या साखळ्या घालून पाहून ठरवले आणि 60ची घेऊन तिला मध्ये एक जास्तीची कडी लावून घेतली, म्हणजे एकच साखळी दोन्ही लांबीत वापरता येते. चांदी काळवंडते, ते हवेतल्या गंधकामुळे. पण रोज अंगावर असलेली साखळी पेटीत पडून राहिलेल्या साखळीपेक्षा उजळ राहते, असा तिचा आठ महिन्यांचा अनुभव आहे. नुसत्या गोळ्यांची म्हणजे बॉल चेनही तिथे होती, पण ती घेतली नाही. तिच्यातले पोकळ गोळे आतल्या दांडीवर नुसते अडकलेले असतात, साखळी मुडपली की दांडी निसटते आणि ती सहसा जुळवता येत नाही. पदकाला वजन असेल तर ती टाळावीच.

बाबांसाठी चष्म्याची माळ घेतली आणि वर्षभरातली सर्वांत उपयोगी खरेदी तीच ठरली, असे मी विचारपूर्वक म्हणते. ते 82 वर्षांचे आहेत, वाचायचा चष्मा दिवसातून दहा वेळा काढतात आणि त्याहून जास्त वेळा शोधतात. लाकडी मण्यांची, प्रत्येक मण्याच्या दोन्ही बाजूंना गाठ असलेली ही माळ 180 रुपयांना मिळाली. टोकाला रबराचे फासे आहेत, ते चष्म्याच्या काड्यांवर चढतात. प्लास्टिकच्या मण्यांची माळ मानेला घामाने चिकटते आणि धातूची उन्हाळ्यात तापते, लाकूड मात्र हलके राहते. रबर सहा महिन्यांत सैल पडले, तेवढे बदलावे लागले. आळंदीहून आणलेली तुळशीची माळ त्यांच्या गळ्यात आधीपासून आहेच. दोन माळा एकमेकींत गुंततील अशी मला भीती होती, पण तुळशीची गळ्यालगत आणि चष्म्याची छातीवर, अशी लांबी राखल्याने तसे झाले नाही.

बाळंतविड्यात देण्यासाठी काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्याही पाहिल्या होत्या, पण नातवंडांच्या बाबतीत मी हात आखडता घेतला. रबरात ओवलेली बाळाची मनगटी ओढून पाहिली तर दुकानातच एक मणी निसटून हातात आला. एवढा मणी बाळाच्या तोंडात जाणे धोक्याचे आहे. द्यायचीच असेल तर पक्क्या दोऱ्यात गाठवून, शेवटची गाठ आत दडवून घ्यावी आणि बाळ झोपताना काढून ठेवावी.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. गाडी घेऊन जाण्यात अर्थ नाही. मेट्रोने मंडई स्थानकावर उतरले की तुळशीबाग चालत काही मिनिटांवर आहे आणि तिथून रविवार पेठही चालत जाण्यासारखी आहे. मी ज्यांच्याबद्दल लिहिले ते कारागीर सोमवारी बसत नाहीत, सकाळी अकराच्या आधी येत नाहीत आणि लग्नसराईत आठ-दहा दिवसांचा वायदा करतात. घाईचे काम ते सरळ नाकारतात, आणि मला ते योग्य वाटते. धातूच्या मण्यांना रेशीम लावा असा आग्रह धरला तर तेही नाकारतात, कारण कड कापते हे त्यांना ठाऊक आहे. मणी मोजून, लांबी लिहून आणि जमल्यास माळेचा फोटो काढून न्यावा.

हरवलेल्या तीन मोत्यांच्या जागी जुळणारे मोती मिळतात का, हे मी त्यांना विचारले होते. त्यांनी पेटीतले दहा-बारा मोती एकेक करून माझ्या मोत्यांशेजारी ठेवून पाहिले आणि सगळे परत आत टाकले. “रंग जुळतोय, पण झळक नाही जुळत. घाई करू नका,” म्हणाले. गेल्या महिन्यात मोहनमाळ आणायला गेले, तेव्हा त्यांनी न विचारता ड्रॉवरमधून कागदाची एक पुडी काढली. तिच्यात दोन मोती होते. तिसऱ्याच्या शोधात ते अजून आहेत.